वाडीची शाळा बंद करण्याआधी ग्रामपंचायतीचा नमुना 8 उघडा

प्रति,
मा. मंत्री, शालेय शिक्षण, महाराष्ट्र राज्य
मा. प्रधान सचिव, शालेय शिक्षण व क्रीडा विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. आयुक्त (शिक्षण), पुणे
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग

विषय: कमी पटाच्या वाडीवरील शाळांबाबत निर्णय घेण्याआधी करायची मोजणी

महोदय,

सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्त कार्यालयाने समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले. तेव्हा राज्यात 20 किंवा त्याहून कमी पटाच्या 14,783 शाळा असल्याची आकडेवारी पुढे आली. त्यांत 1,85,467 विद्यार्थी आणि 29,707 शिक्षक होते, म्हणजे शाळेमागे साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. नमुना म्हणून पुण्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ दाखवले गेले. त्याआधी डिसेंबर 2017 मध्येही दहा व त्याखालच्या पटाच्या तेराशेवर शाळा लगतच्या शाळांत मिसळायचे ठरले होते. दर काही वर्षांनी ही फाईल वर येते, आणि दर वेळी माप एकच असते: 30 सप्टेंबरचा पट.

हे माप कोकणातल्या वाडीला लावू नये, असे आमचे म्हणणे आहे. निदान एकटे लावू नये. पट का घटला, पुढे किती होणार, बंद केल्याने नेमके किती पैसे वाचणार आणि मूल कोणत्या वाटेने जाणार, या चार गोष्टी कागदावर आल्याशिवाय एकाही शाळेला कुलूप लागू नये.

आधी माणसांबद्दल. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, ती 2011 ला 16,15,069 झाली. सिंधुदुर्ग 8,68,825 वरून 8,49,651 वर आला. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे आटले. 2011 ला रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात 1,036. याचा अर्थ कोकणात कोणालाही सांगावा लागत नाही. कमावता पुरुष मुंबई-ठाण्यात, आणि घरी बायको, म्हातारे आणि शाळेत जाणारी पोरे. वाडीचे अर्थकारण पूर्वी मनीऑर्डरवर चालायचे, आता बँक खात्यावर येणाऱ्या पैशांवर चालते. त्याला जोड म्हणून भाताची दोन-चार कुणगी, थोडा काजू, चार हापूसची कलमे. शेतीतून वर्षभराचे घर चालत नाही, पण लावणीला हात मिळाले तर वर्षाचा तांदूळ विकत घ्यावा लागत नाही. ते हात बाईचे असतात, आणि ती वाडीत राहते की तालुक्याला खोली घेते, हे बऱ्याचदा पोराच्या शाळेवर ठरते.

जन्मही कमी झाले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर 1.7 आला. त्यामुळे स्थलांतर उद्या थांबले तरी काही वाड्यांचा पट पुन्हा चाळीसवर जाणार नाही. हे आम्ही लपवत नाही. पण घटलेल्या पटाची कारणे तीन आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. मुले जन्मलीच नाहीत, ही एक गोष्ट. जन्मली पण घर वाडी सोडून गेले, ही दुसरी. घर वाडीतच आहे, पण सकाळी इंग्रजी माध्यमाची पिवळी बस पोराला उचलून नेते, ही तिसरी. पहिल्या प्रकारात शाळा टिकवण्याचा हिशोब वेगळा मांडावा लागेल. दुसऱ्यात शाळा बंद करणे म्हणजे उरलेल्या घरांनाही निघायला सांगणे. तिसऱ्या प्रकारात प्रश्न शाळेच्या दर्जाचा आहे, आणि तो शिक्षक देऊन सुटतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात दाखला कोणत्या कारणाने आणि कोणत्या शाळेसाठी नेला ते लिहिलेले असते. मागच्या दहा वर्षांचे दाखले काढून या तीन खणांत टाकायला मुख्याध्यापकाला एक दुपार लागते. हे काम आजवर कोणत्याही परिपत्रकाने मागितल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आता आकड्याच्या हेलकाव्याकडे या. समजा एका वाडीत आठ वर्षांत अनुक्रमे 4, 1, 3, 2, 3, 0, 2, 4 अशी मुले जन्मली. कोणी आले नाही, कोणी गेले नाही. पहिली ते पाचवीचा पट म्हणजे लागोपाठच्या पाच वर्षांची बेरीज. तो पहिल्या वर्षी 13, दुसऱ्या वर्षी 9, मग 10, मग 11 येईल. वाडीत काहीही बदललेले नसताना शाळा एका वर्षी दहाच्या खाली गेली आणि पुन्हा वर आली. वर्षाला सरासरी अडीच जन्म असलेल्या वस्तीत पट तीन-चारने इकडेतिकडे होणारच, तो निव्वळ योगायोगाचा भाग आहे. शिवाय घर निघते तेव्हा भावंडे एकत्र जातात, म्हणून पट एकेकाने न घटता दोन-दोनने, कधी तिघांनी घटतो. अशा वस्तीवर एका वर्षाची एक रेषा ओढली की त्या वर्षी जी शाळा खड्ड्यात असेल ती कायमची जाते. पुढच्या वर्षी चार मुले पहिलीला आली तरी बंद शाळा आपोआप उघडत नाही. दोन पावसाळ्यांत वानरे कौले फोडतात, वासे कुजतात, वाळवी कपाटात शिरते, आणि मग इमारत धोकादायक असल्याचा शेरा येतो.

म्हणून मागणी अशी की मागच्या पाच वर्षांच्या पटाची सरासरी आणि पुढच्या पाच वर्षांचा अंदाज, दोन्ही एकत्र ठेवून बघा. अंदाज कठीण नाही. पुढच्या पाच वर्षांत पहिलीला येणारी बहुतेक मुले आज वाडीत जन्मून चालू-बोलू लागलेली आहेत.

ती कुठे मोजायची, यात मात्र चूक होते. ग्रामपंचायतीचे जन्म रजिस्टर यासाठी उपयोगाचे नाही. कायद्याने जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, आईवडील राहतात तिथे नाही. पहिले बाळंतपण माहेरी, दुसरे तालुक्याच्या रुग्णालयात, एखादे मुंबईत. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात वर्षभर वाडीतला एकही जन्म नसेल आणि अंगणवाडीत मात्र तीन बाळांची वजने होत असतील. खरा आकडा अंगणवाडी सेविकेच्या कुटुंब सर्वेक्षणात असतो, तिच्या शेजारी आशाताईंची गरोदर मातांची यादी ठेवावी. जनगणनाही इथे कामाची नाही, कारण तिच्यात महसुली गावाचा एकच आकडा मिळतो. गावाच्या आठ वाड्यांपैकी वरच्या वाडीत किती माणसे आहेत ते त्यातून कळत नाही.

वाडी दिसते ती ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये. घरपट्टीच्या या रजिस्टरात प्रत्येक घराचा क्रमांक असतो. ते घेऊन वाडीत फिरावे आणि प्रत्येक घरापुढे तीनपैकी एक खूण करावी: बारमाही उघडे, सणापुरते उघडे, बंद. उघड्या घरांपुढे सहा वर्षांखालची मुले, सहा ते अकराची मुले आणि ती कोणत्या शाळेत जातात, एवढेच लिहावे. पन्नास-साठ घरांच्या वाडीला दोन माणसांचा एक दिवस पुरतो. पण दिवस नीट निवडा. मे महिन्यात, गणपतीत किंवा शिमग्याला मोजाल तर चाकरमानी आलेले असतात आणि प्रत्येक अंगणात पोरे दिसतात. लावणी आटोपत आल्यावर, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मोजा. तेव्हा जे घर उघडे तेच खरे उघडे.

30 सप्टेंबर या तारखेबद्दलही सांगायला हवे. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे द्यायची याची मंजुरी, त्या दिवसाच्या पटावर, तीही आधार वैध ठरलेल्या मुलांवर होते. जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, ऑनलाइन नोंदीत तिसऱ्या तऱ्हेने लिहिले गेले की मूल रोज वर्गात बसून पोर्टलवर अवैध दिसते. पाच वर्षांखाली काढलेल्या बाल आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात, ते नंतर द्यावे लागतात, आणि त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी एक दिवस मोडतो. आईचा रोज बुडतो, म्हणून ते काम मागे पडते. सहाशे मुलांच्या शाळेत अशी तीन मुले असली तर काही बिघडत नाही. अकरा मुलांच्या शाळेत तीन अवैध म्हणजे आठ उरले. वाडीवरच्या शाळांसाठी आधारचे यंत्र वर्षातून एकदा केंद्रशाळेत (आसपासच्या शाळांच्या गटाच्या मुख्य शाळेत) आणा, आणि हजेरी रजिस्टर केंद्रप्रमुखाने प्रत्यक्ष तपासलेले असेल तर त्या वर्षापुरता तोच पट ग्राह्य धरा.

दुसरे असे की 30 सप्टेंबरला जी मुले नसतात ती नोव्हेंबरात येतात. आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबे येतात, चिरेखाणींवर कर्नाटकातले मजूर येतात. पाऊस थांबल्यावर आलेली ही मुले मेपर्यंत शाळेत बसतात, खिचडी खातात, मराठी शिकतात, आणि संचमान्यतेत एकदाही मोजली जात नाहीत. 30 सप्टेंबर आणि 31 जानेवारी, अशा दोन तारखांचा पट घ्या आणि मोठा तो धरा.

वाटेबद्दल. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीला 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीला 3 किलोमीटर हे अंतर आहे. केंद्राच्या 2010 च्या नियमांत आणखीही एक वाक्य आहे: जिथे भूभाग अवघड, दरड वा पुराचा धोका, रस्त्याचा अभाव, तिथे ही मर्यादा कमी करून शाळा द्यावी. कोकणात हे वाक्य प्रत्येक तालुक्याला लागू आहे. नकाशावर शेजारची शाळा 900 मीटरवर दिसते, पण मधे पर्‍या आहे. त्या ओढ्यावर साकव (छोटा पूल) आहे, आणि जोराच्या पावसात पाणी साकवावरून जाते. मग उरते ती सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) फिरून जाणारी वाट, तिला तास लागतो. पाखाडीच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. शाळा 15 जूनच्या सुमारास सुरू होते, म्हणजे पहिले सत्र जवळजवळ सगळे पावसातच जाते. सहा वर्षांचे मूल एकटे पाठवता येत नाही. शाळा 3 किलोमीटरवर गेली तर सोडायला जाऊन परत, आणायला जाऊन परत, असे आईचे दिवसाला 12 किलोमीटर चालणे होते, तेही लावणीच्या दिवसांत. ती एक तर मुलाची शाळा पाडते किंवा आपला कामाचा दिवस.

अंतर मोजायचे तर केंद्रप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समितीचा एक पालक, दोघांनी सर्वांत लांबच्या घराच्या उंबऱ्यापासून नव्या शाळेच्या दारापर्यंत पहिलीच्या मुलाबरोबर चालावे आणि मिनिटे लिहावीत. वाटेत किती पर्‍ये, कोणत्या साकवाला कठडा नाही, कुठे दरड येते, तेही त्याच कागदावर. उपग्रह नकाशावरची सरळ रेघ जोडलेला प्रस्ताव परत पाठवावा.

आता पैसे. आठ मुलांची शाळा बंद केली तर काय वाचते ते मांडून बघू. समग्र शिक्षा योजनेतून 30 पर्यंत पटाच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 10,000 रुपये मिळते, ते वाचेल. स्वयंपाकी-मदतनीस बाईचे मानधन महिना 2,500, दहा महिन्यांचे 25,000, तेही वाचेल. झाले 35,000. शिक्षकांचे पगार वाचत नाहीत, कारण समायोजनाने शिक्षक दुसऱ्या शाळेत जातो आणि पगार त्याच जिल्हा परिषदेतून निघतो. पगाराची बचत होते ती पुढे रिक्त जागा भरली नाही तरच. म्हणजे ती बचत शाळा बंद केल्याची नव्हे, शिक्षक कमी केल्याची आहे, आणि तिला त्याच नावाने ओळखावे. दुसऱ्या बाजूला वाहतूक भत्ता. विद्यार्थ्यामागे वर्षाला कमाल 6,000 रुपये धरले तर आठ जणांचे 48,000. ते पूर्ण दिले तर 35,000 वाचवायला 48,000 खर्च. आणि एवढे देऊनही 200 दिवसांत वाटले तर गाडीवाल्याला दिवसाला 240 रुपये पडतात, त्यात सकाळ-संध्याकाळ घाटीतून दोन फेऱ्या. या भावात वर्षभर टिकणारा गाडीवाला मिळत नाही. जून-जुलैत कच्चा रस्ता बंद असतो तेव्हा तर कोणीच नाही. एसटीची मुलींसाठीची मोफत पासाची सवलत पाचवीपासून पुढे आहे, पहिली-दुसरीच्या मुलीला ती लागू नाही.

मानधनाचे जे 25,000 वाचतात ते वाडीतल्याच एका घरातून कमी होतात. पुष्कळदा ती विधवा किंवा एकटीने संसार ओढणारी बाई असते, आणि महिन्याच्या महिन्याला येणारी रोख रक्कम तिच्याकडे तेवढीच. कमी पटाच्या शाळेत तिची अडचण आणखी एका ठिकाणी होते, ती कोणत्याच अहवालात येत नाही. पोषण आहाराचा दर मुलामागे ठरतो. 1 मे 2025 पासून पहिली ते पाचवीसाठी तो 6 रुपये 78 पैसे आहे, म्हणजे आठ मुलांचे दिवसाला 54 रुपये 24 पैसे. तांदूळ मुलामागे 100 ग्रॅम, डाळ 20, भाजी 50, तेल 5 ग्रॅम. आठ मुलांना 800 ग्रॅम तांदूळ, 160 ग्रॅम डाळ, 400 ग्रॅम भाजी, 40 ग्रॅम तेल. धान्यादी माल पुरवठादाराकडून येतो, शाळेच्या हाती इंधन आणि भाजीपाल्यापुरते पैसे येतात. पण आठ मुलांचा भात आणि वीस मुलांचा भात शिजायला गॅस जवळपास सारखाच जळतो. मुलामागे मोजलेले इंधन छोट्या पातेल्याला पुरत नाही, मग भाजी कमी होते किंवा बाई चुलीवर शिजवते. 25 पर्यंत पटाच्या शाळेला इंधनाची रक्कम मुलामागे न देता शाळेमागे किमान ठरवून द्या.

छोट्या शाळेत सगळे छान चालते असा आमचा दावा नाही. दोन शिक्षक पाच वर्ग घेतात, त्यातला एक प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा माहिती भरायला गेला की शाळा एकशिक्षकी होते, आणि त्या दिवशी अध्यापन होत नाही, फक्त सांभाळणे होते. परजिल्ह्यातून आलेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीने आपल्या गावी परततात, जागा महिनोन्महिने रिकामी राहते. आठ मुलांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत, खो-खोचा एकही होत नाही. तिसरीत एकच मुलगी असेल तर तिला बरोबरीने वाचायला कोणी नसते. हे खरे नुकसान आहे आणि ते भरून काढायलाच हवे.

त्यासाठी आमच्या मते पहिली ते चौथी वाडीतच ठेवावी आणि पाचवीपासून पुढचे वर्ग, जिथे पक्का रस्ता व बारमाही एसटी आहे अशा केंद्रशाळेत एकत्र करावेत. दहा वर्षांचे मूल बसमध्ये चढू शकते, सहा वर्षांचे नाही. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयात सहावी ते आठवीचा पट 20 च्या खाली गेला की शिक्षकाचे पदच उरत नाही, अशी तरतूद आली. बस आधी आणि पद नंतर, असा क्रम लावला असता तर तिला इतका विरोध झाला नसता. प्रत्येक केंद्राला एक राखीव शिक्षक द्या, ज्याचे काम फक्त जिथला शिक्षक बाहेर आहे तिथे त्या दिवशी जाऊन वर्ग घेणे. महिन्यातून दोन शनिवार केंद्रातली सगळी छोटी मुले एका शाळेत आणा, खेळ, गाणी, गटवाचन तिथे घ्या. वर्षाला वीसेक फेऱ्यांना गाडी परवडते, रोजची परवडत नाही. रिकाम्या वर्गखोलीत अंगणवाडी आणा, म्हणजे एकाच आवारात तीन ते दहा वयाची सगळी वाडी दिसेल आणि पुढच्या पाच वर्षांचा पट वेगळा शोधावा लागणार नाही. जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. त्या कामासाठी द्विशिक्षकी शाळेतले दोन्ही शिक्षक एकाच वेळी उचलू नका.

काही शाळा मिटवाव्या लागतील, हेही आम्हाला मान्य आहे. अंगणवाडीत एकही मूल नाही, नमुना 8 मधली बहुतेक घरे बंद आहेत, लगतची शाळा पक्क्या रस्त्याने एक किलोमीटरच्या आत आहे, तिथे हट्ट धरण्यात अर्थ नाही. अशा ठिकाणीही आधी शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव आणि ग्रामसभेपुढे वाटेचा व पैशांचा कागद वाचून दाखवणे, एवढे तरी व्हावे. समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. मुलाला सोडायला त्याच जाणार आहेत, तर त्यांना विचारा. इमारत ग्रामपंचायतीच्या ताब्यात देताना मतदान केंद्र आणि वादळातला निवारा म्हणून तिची डागडुजी कोणी करायची ते त्याच आदेशात लिहा. जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात घरांची छपरे उडाली तेव्हा डोके टेकायला पक्की भिंत किती मोलाची असते ते सगळ्यांनी पाहिले आहे.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या प्रत्येक तालुक्यात पाच कमी पटाच्या शाळा निवडून ही मोजणी येत्या जुलैत करावी, अशी विनंती आहे. नमुना 8 ची प्रत, अंगणवाडीची यादी, दहा वर्षांचे दाखले आणि पायी मोजलेली मिनिटे, एवढे चार कागद एका शाळेचे. आमच्यातले निवृत्त शिक्षक आणि पालक हे काम विनामोबदला करायला तयार आहेत. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी वाड्यांची नावे आणि तारखा 30 जूनपर्यंत कळवाव्यात. वाडीत येताना गाडी खालच्या रस्त्यावर लावून वरचा टप्पा चालायचा आहे, म्हणून सकाळी आठला निघावे.

आपले,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वाडीवरील शाळांचे पालक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि निवृत्त शिक्षक